चार खरुच्यांपासून

१९७९ साली मॉरिशसच्या खरुचीबद्दल दोन निकाल लागले. दोन्ही एकच सांगत होते: हिचा नाद सोडा.

पहिला निकाल छापील होता. नॉर्मन मायर्स या ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञाचं ‘द सिंकिंग आर्क’ हे पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झालं. पृथ्वीवरच्या जीवजाती किती वेगाने नाहीशा होत आहेत, हे सामान्य वाचकापर्यंत पोचवणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात मायर्स यांनी एक कठोर हिशेब मांडला होता. पैसा थोडा, माणसं थोडी आणि बुडणाऱ्या जाती शेकड्यांनी. मग ज्या वाचण्याची आशाच उरलेली नाही त्यांच्यावरचा खर्च थांबवून तो वाचू शकणाऱ्यांकडे का वळवू नये? आशा न उरलेल्यांचं उदाहरण म्हणून त्यांनी मॉरिशसच्या खरुचीचं नाव घेतलं होतं.

दुसरा निकाल सांगण्यासाठी माणूसच पाठवला गेला. पक्षिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलच्या पूर्वसुरी संस्थेने, कार्ल जोन्स नावाच्या चोविशीतल्या वेल्श तरुणाला मॉरिशसला धाडलं. तिथला खरुचीचा प्रकल्प काही वर्षं चालूनही हाती फारसं लागलं नव्हतं. जोन्स यांनी तो आवरता घ्यायचा, जे काही उरलं असेल ते सरकारच्या स्वाधीन करायचं आणि परत यायचं, अशी अपेक्षा होती. ते परत गेले नाहीत. पुढची चार दशकं त्यांचं काम मॉरिशसशीच बांधलेलं राहिलं.

खरुची महाराष्ट्राला अनोळखी नाही. हिवाळ्यात माळरानावर एका जागी पंख फडफडवत, गवतावर नजर लावून हवेत थांबलेला हा लहानसा शिकारी पक्षी अनेकांनी पाहिलेला असतो. ही झाली मोकळ्या माळाची खरुची. मॉरिशसला पोचलेली तिची भावंडं मात्र लाखो वर्षांत जंगलाची झाली. फांद्यांमधून झटकन वळता यावं म्हणून त्यांचे पंख आखूड आणि गोलसर झाले. उंदीर-टोळांऐवजी खोडांवरच्या हिरव्या पाली त्यांचं मुख्य खाद्य बनल्या. घरटं कड्यातल्या कपारीत किंवा जुन्या झाडाच्या ढोलीत. म्हणजे भक्ष्य, आडोसा आणि घर यांपैकी पुष्कळसं रानातलंच. आणि रानच गेलं होतं.

मॉरिशस हे बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले तेव्हा तिथे माणसाची वस्ती नव्हती. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा तिथला नव्हता. फळं खाणारी, बी पसरवणारी, गवत चरणारी कामं पक्षी आणि महाकाय कासवं करत होती. उडता न येणारा डोडो पुढच्या शंभर वर्षांत संपला. त्याची खात्रीलायक मानली जाणारी शेवटची नोंद १६६२ ची. डोडोची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्याबरोबर किती काय गेलं याचा हिशेब मात्र क्वचितच कुणी सांगतं. महाकाय कासवांच्या दोन जाती गेल्या, मोठा पोपट गेला, लाल पाणकोंबडी गेली. आबनुसाची झाडं तोडून जहाजांत भरली गेली. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं झाड. त्याच्या गाभ्याचं काळंभोर लाकूड युरोपात सोन्याच्या मोलानं विकलं जाई.

डच १७१० मध्ये बेट सोडून गेले आणि फ्रेंच आले. त्यांच्या काळातली एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती फारशी सांगितली जात नाही. पियेर प्वाव्र हा मसाल्याची रोपं जमवण्याचा ध्यास घेतलेला माणूस १७६७ मध्ये बेटाचा मुख्य प्रशासक झाला. जंगल गेलं की पाऊसही जातो, अशी त्याची ठाम समजूत होती. १७६९ मध्ये त्याने नियम काढला: जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा रान म्हणून राखायचा, आणि तोही विशेषतः डोंगरउतारावरचा. पर्यावरणाच्या इतिहासाचे अभ्यासक या नियमाला वसाहतींमधल्या वनसंरक्षणाची सुरुवात मानतात. अठराव्या शतकातल्या एका अधिकाऱ्याला हे कळत होतं ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं, ही सबब मग उरत नाही.

पुढे ऊस आला. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं, एकोणिसाव्या शतकात साखरेचा भाव चढला आणि सपाटीवरचं रान मळ्यांसाठी साफ झालं. गुलामगिरी उठल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजुरांची जहाजं निघू लागली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले, मुख्यतः रत्नागिरी भागातले, मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. ऊस तोडणारे हात आपल्याकडचे होते खरे, पण रान तोडायचं की राखायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला जंगल येईपर्यंत ते जवळजवळ संपलंच होतं. आज मॉरिशसच्या भूमीवर चांगल्या अवस्थेतलं मूळ रान दोन टक्केही उरलेलं नाही.

हिंदुस्थानातून माणसांखेरीज आणखीही पुष्कळ काही गेलं. टोळधाडीवर उपाय म्हणून १७६२ मध्ये साळुंक्या नेल्या; एका जिवाने दुसऱ्याचा बंदोबस्त करण्याच्या ज्ञात प्रयोगांतला हा अगदी आरंभीचा. १८९९ मध्ये प्लेग आला आणि उंदरांचा नायनाट करण्यासाठी १९०० मध्ये मुंगसं सोडली. शिपाई बुलबुल पोचला, आपला राघू पोचला, जहाजांतून लपून चिचुंद्री पोचली. आपल्या अंगणात हे सगळे जीव शोभतात, इथल्या साखळीत त्यांना आपापली जागा आहे. त्या बेटावर मुंगूस जमिनीलगतच्या पिल्लांवर तुटून पडलं आणि राघूने तिथल्या मूळच्या हिरव्या पोपटाच्या ढोल्या बळकावल्या. डच लोकांनी जावाहून हरणं आणली, खलाशांबरोबर माकडंही आली. महाशिवरात्रीला तिथल्या गंगा तलावावर लाखो भाविक जमतात. तिथे प्रसादावर झडप घालणारी माकडं आग्नेय आशियातली आहेत. रानात जाऊन तीच माकडं पक्ष्यांची अंडी खातात. झाडांमध्ये सगळ्यांत मोठा उपद्रव ब्राझीलकडून आलेल्या बारीक लाल पेरूचा. लोक हौसेने तो तोडायला डोंगरात जातात, तिखट-मीठ लावून खातात; आणि डोंगरउतारावर त्याची अशी दाट जाळी माजते की मूळच्या झाडाचं एक रोप खालून वर येऊ शकत नाही.

खरुचीवर शेवटचा घाव डीडीटीने घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापाचे डास मारण्यासाठी आणि शेतीत ते बेटभर वापरलं गेलं. हिवताप हटला, हजारो माणसं वाचली, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण विष पालींतून खरुचीत साठत गेलं. १९७४ मध्ये रानात माहीत असलेल्या खरुच्यांची संख्या चारवर आली होती. अंडी घालणारी मादी एक.

तेव्हा तिथे काम करत होते स्टॅन्ली टेंपल हे अमेरिकी पक्षितज्ज्ञ. शेवटच्या पक्ष्यांपैकी एका जोडीने झाडाची ढोली सोडून उभ्या कड्यातल्या कपारीत घरटं केलं, माकडं तिथवर पोचली नाहीत आणि पिल्लं उडाली, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. खरुचीने स्वतःच्या बाजूने केलेली ती एकच सोय होती. पिंजऱ्यात तिची वीण करण्याचे त्या काळातले प्रयत्न मात्र फसले.

जोन्स आले तेव्हा वीण करणाऱ्या दोनच जोड्या माहीत होत्या. लहानपणापासून जखमी पक्षी घरी आणून वाढवण्याचा नाद असलेला हा तरुण. शिकारी पक्षी हाताळण्याचं कसब त्याच्या हातात मुरलेलं होतं. त्याने जे केलं त्यातलं एकही तंत्र नवं नव्हतं. बहिरी ससाणे पाळणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. कड्यावर चढायचं, घरट्यातली पहिली अंडी काढून आणायची आणि उबवणी यंत्रात ठेवायची. अंडी गेली की मादी पुन्हा अंडी घालते. पण त्यासाठी तिच्या अंगात ताकद हवी, म्हणून रानातल्या जोडीला रोज पांढरे उंदीर खाऊ घालायचे. शीळ घालून हवेत उंदीर उडवला की खरुची झेपावून तो वरच्या वर पकडायची, इतकी ती या माणसाला सरावली. यंत्रातून निघालेली पिल्लं चिमट्याने भरवून वाढवायची, थोडी मोठी झाली की पाळीव किंवा रानातल्या पालकांच्या घरट्यात दत्तक द्यायची किंवा रानातल्या पेटीतून हळूहळू मोकळी करायची. माकड आणि मुंगूस शिरणार नाही अशा घरट्याच्या पेट्या टांगायच्या. आसपासच्या मुंगसांना सापळे लावायचे.

आज हे वाचताना सरळ वाटतं. त्या काळी पुष्कळ तज्ज्ञांना ते पटत नव्हतं. आधी पक्षी कमी का झाला याचा पुरता अभ्यास करा, कारण सापडलं की ते दूर करा, आणि रानात फार हात घालू नका, हा रूढ विचार होता. जोन्स यांचं म्हणणं उलटं होतं: चार पक्षी उरलेले असताना अभ्यास पुरा होईपर्यंत थांबलो तर अभ्यासाला पक्षीच उरणार नाही. भूक दिसते आहे तर खाऊ घाला. घर नाही तर घर द्या. अंडी चोरली जात आहेत तर राखण करा. पक्षी तगला की कारणं शोधायला आयुष्य पडलं आहे.

१९८४ पासून पक्षी रानात सोडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी आजच्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनची मूळ संस्था उभी राहिली. पाठीशी होते जेराल्ड डरेल. जर्सी बेटावर संकटातल्या प्राण्यांच्या विणीसाठी प्राणिसंग्रहालय काढणारा हा लेखक १९७६ मध्ये मॉरिशसला येऊन गेला होता आणि त्या बेटाने त्याला झपाटलं होतं. जर्सीत त्याने देशोदेशींच्या कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, त्याचे पहिले विद्यार्थी मॉरिशसचे यूसुफ मंगरू. पुढे मॉरिशसच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाची धुरा त्यांच्याकडे आली. १९९४ पर्यंत सुमारे ३३० खरुच्या रानात सोडल्या गेल्या होत्या आणि कार्यक्रम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

मायर्स यांचं उत्तर चुकलं, पण त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. पैसा खरंच थोडा होता. त्यांच्या हिशेबात न बसणारी गोष्ट एकच होती: एखादा माणूस एकाच पक्ष्यामागे किती वर्षं राहील, हे आधी कुणाला मोजता येत नाही.

या विजयाची किंमत पक्ष्याच्या रक्तात राहिली. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांमधला जनुकीय वारसा आजच्या पक्ष्यांशी ताडून पाहिला गेला. पूर्वीची खरुची वैविध्याने श्रीमंत होती. आजचे जवळजवळ सगळे पक्षी एकाच जोडीचा वंश आहेत.

खरुचीवर काम चालू होतं त्याच काळात मॉरिशसचं गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात दहावर आलं होतं, ते आता काही शेकड्यांत आहे. मूळचा हिरवा पोपट, ज्याच्या ढोल्या आपला राघू बळकावतो, दहा-बाराच्या आसपास होता. तो आज सातशेच्या पुढे गेला आहे. एकेका घरट्याशी रात्रंदिवस माणसं बसवून, पेट्या लावून, खाद्य ठेवून हे साधलं. दोघांच्या कथा स्वतंत्र लेखाच्या आहेत.

मला थांबायचं आहे ते राउंड आयलंडवर.

मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रात बावीसएक किलोमीटरवर ज्वालामुखीच्या राखेचा हा डोंगर उभा आहे. धक्का नाही, पुळण नाही. नाव लाटेवर वर आली की खडकावर उडी मारायची, हीच उतरण्याची रीत. याच अडचणीने बेटाला वाचवलं, कारण उंदीर तिथे कधी पोचले नाहीत. मॉरिशसवरून नाहीशा झालेल्या कितीतरी सरपटणाऱ्या जीवांचा हा शेवटचा आसरा ठरला: मोठी टेल्फेर सापसुरळी, मोठी गुंथर पाल आणि दोन अजब साप. या सापांच्या कुळाचं वैशिष्ट्य असं की वरच्या जबड्याचं हाड मधोमध दुभागलेलं आणि बिजागरीसारखं हलणारं. पृथ्वीवरच्या दुसऱ्या कोणत्याही पाठीचा कणा असलेल्या जिवात ही रचना नाही.

उंदीर पोचले नाहीत, पण माणसाने एकोणिसाव्या शतकात शेळ्या आणि ससे मुद्दाम सोडले. वाट चुकलेल्या खलाशांना मांस मिळावं, शिकार व्हावी, अशा हेतूने तेव्हा बेटोबेटी जनावरं सोडली जात. शेळ्यांनी डोंगर बोडका केला, सशांनी उगवणारा प्रत्येक कोंब खाल्ला. आबनुसासारख्या कठीण लाकडाच्या झाडांचं रान पूर्ण नाहीसं झालं, माती पावसाबरोबर घळींतून समुद्रात गेली, खाली नागडा दगड उरला. बागांमध्ये हौसेनं लावला जाणारा खरा बाटलीताड मूळचा या बेटाचा. जगभर लाखोंनी वाढणाऱ्या या ताडाची त्याच्या घरी बोटांवर मोजता येतील एवढीच झाडं राहिली होती. दोन सापांपैकी बिळात राहणारा १९७५ मध्ये शेवटचा दिसला. माती नाही तिथे बीळ कसलं. तो गेला.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेळ्या संपवल्या गेल्या. सशांची गोष्ट अवघड होती, कारण एक जोडी जरी कपारीत राहिली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. १९८६ मध्ये न्यूझीलंडचे डॉन मर्टन आले. चॅटम बेटांवरचा काळा रॉबिन पाच पक्ष्यांवरून परत आणणारे तेच. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विषारी आमिष बेटभर घालून शेवटच्या सशापर्यंत पाठपुरावा केला. हे काम करणाऱ्यांना प्राणी मारण्याची हौस नव्हती. ससे हजारो ठिकाणी आहेत आणि उरलेला साप जगात एकाच खडकावर आहे, हा निर्णय त्यांना करावा लागला. माझ्या मते तो बरोबर होता, आणि तो सोपा होता असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

ससे गेल्यावर ताडाची रोपं शंभर वर्षांत प्रथमच उभी राहिली. सापसुरळ्या आणि पाली वाढल्या, त्या खाणारा उरलेला सापही वाढला. काही दशकांनी त्याला शेजारच्या गनर्स कॉइन बेटावर नेऊन वसवता आलं. पण राउंड आयलंडने एक नवा पेचही टाकला. सशांनी इतकी वर्षं दाबून ठेवलेलं परदेशी गवत आणि तणही आता मोकळं झालं आणि मूळच्या रोपांना झाकू लागलं. पूर्वी तिथे चरणारं कोण होतं? कासवं. मॉरिशसची कासवं नाहीशी झाल्यावरही राउंड आयलंडवर ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तग धरून होती. आता जगात त्या जातीचं एकही कासव नव्हतं.

इथून गोष्ट इल ओझेग्रेत या दुसऱ्या बेटाकडे वळते. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यालगतचं हे सव्वीस हेक्टरचं प्रवाळी बेट. किनारी आबनुसाच्या रानाचा शेवटचा तुकडा त्यावर उरला होता, तोही जळणासाठी तोडलेला, बकऱ्यांनी कुरतडलेला. १९६५ मध्ये ते राखीव झालं, १९८७ मध्ये फाउंडेशनकडे आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उंदीर आणि मांजरं काढली गेली. चिचुंद्री काढण्याचा प्रयत्न मात्र हरला. बाहेरचा झाडोरा माणसांनी हाताने, कोयता-कुदळीने उपटला आणि रोपवाटिकेतून मूळची रोपं लावली.

आबनुसाचं एक कोडं होतं. मोठी झाडं फळायची, फळ बुंध्याशी पडायचं, तिथेच कुजायचं किंवा तिथेच दाटीने उगवून मरायचं. बी लांब नेणारं कुणी नव्हतं. असंच कोडं टेंपल यांना १९७० च्या दशकात पडलं होतं, ते तांबालाकोक या झाडाबाबत. बकुळ, चिकू, मोह यांच्या कुळातलं हे झाड, बी दगडासारखं कठीण. त्याची जुनी झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असं त्यांना वाटलं आणि १९७७ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी मांडलं की डोडोच्या पोटातून गेल्याखेरीज हे बी रुजत नाही, डोडो गेला, म्हणून झाड चाललं. कल्पना इतकी देखणी की शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. मॉरिशसचेच वनाधिकारी वहाब ओवाडली यांनी दोनच वर्षांत त्याच नियतकालिकात उत्तर दिलं: पक्ष्याच्या पोटात न जाताही बी रुजतं, आणि तरुण झाडं रानात आहेत. झाडाचे खरे शत्रू माकडं, डुकरं, हरणं आणि परदेशी तण होते. एका झाडाची एका पक्ष्याशी बांधलेली गाठ ऐकायला गोड वाटते; रानातलं नातं सहसा अनेकांचं असतं, म्हणूनच एकाची जागा कधी कधी दुसरा घेऊ शकतो.

तीच शक्यता २००० मध्ये इल ओझेग्रेतवर आजमावली गेली. हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटाची महाकाय कासवं तिथे आणली. हेच ते कासव, जे वाचावं म्हणून १८७४ मध्ये चार्ल्स डार्विनसह ब्रिटनच्या निसर्गशास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला विनंतीपत्र लिहिलं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी टिकलेली जात आता नाहीशा झालेल्या जातीचं काम करायला आली. कासवांनी आबनुसाची फळं खाल्ली, बेटभर हिंडत विष्ठेतून बिया टाकल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात आणि मोठ्या झाडांपासून दूर, रान तुटलेल्या जागी नवी रोपं उभी आहेत. २००७ मध्ये राउंड आयलंडवरही कासवं सोडली गेली, गवत चरायला. त्याच सुमारास टेल्फेर सापसुरळीही इल ओझेग्रेतवर परत आणली.

हे जुनं रान नव्हे. मूळचं कासव नाही, डोडो नाही, बिळातला साप नाही. मॉरिशसच्या कार्यकर्त्यांनी हे कबूल करूनच काम केलं: जे गेलं ते परत येणार नाही, पण जी कामं बंद पडली ती कुणाकडून तरी करून घेता येतील. शुद्धतेचा आग्रह धरला असता तर आबनुसाचं रान शुद्ध राहून मेलं असतं.

मुख्य बेटावर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये झालं, पण नुसतं जाहीर करून रान वाचत नाही हे तिथे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वॉन आणि वीहे या दोन वनस्पतितज्ज्ञांनी १९३० च्या दशकातच मूळच्या जंगलाचे नमुन्याचे तुकडे आखून अभ्यासाला सुरुवात केली होती. पुढे अशा तुकड्यांना हरीण-डुकरांपासून कुंपण घालून आतला पेरू हाताने उपटायचा, हीच पद्धत ठरली. एकदा उपटून चालत नाही, पुन्हा पुन्हा यावं लागतं. शेजारच्या कड्यावर खरुची परत यावी म्हणून खाली पेरू उपटत बसणाऱ्या मजुरांचं नाव कुठल्या पुरस्काराच्या यादीत येत नाही. जोन्स यांना २०१६ चा इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला तो या सगळ्यांच्या जोरावर.

आणि सगळ्या देशाने ही ओढ मनापासून स्वीकारली आहे असंही नाही. मॉरिशसचं फळं खाणारं मोठं वटवाघूळ हे तिथल्या मूळच्या सस्तन प्राण्यांपैकी एक, झाडांची बी दूरवर नेणारं. रानात फळ कमी झालं तेव्हा ते लिची आणि आंब्याच्या बागांवर येऊ लागलं. बागायतदारांचं नुकसान खरं होतं. सरकारने २०१५ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी हजारो वटवाघळं गोळ्या घालून मारली गेली. शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं होतं की झाडांवर जाळी टाका, उंच वाढलेल्या झाडांची छाटणी करा. झालं ते इतकंच की २०१८ मध्ये वटवाघूळ धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत अधिक धोक्याच्या वर्गात गेलं. परसातल्या एकाच लिचीच्या झाडावर वर्षाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचा राग मला कळतो. पण चार दशकं पक्षी परत आणणाऱ्या देशाने बी पेरणारा प्राणी मारावा, ही त्या इतिहासातली दुखरी जागा आहे.

२५ जुलै २०२० ला ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज इल ओझेग्रेतजवळच्या प्रवाळकड्यावर चढलं. ६ ऑगस्टपासून तेल सांडू लागलं, सुमारे हजार टन. लोकांनी कुणाची वाट पाहिली नाही. उसाचं पाचट कापडात भरून, दोऱ्यांनी शिवून लांबच लांब बांध तयार केले आणि ते समुद्रात सोडून तेल अडवलं. हजारो माणसं त्या कामात होती, त्यांत गिरमिटिया मजुरांचे वंशज होते, आफ्रिकी गुलामांचे वंशज होते. ज्या पिकासाठी रान गेलं त्याच पिकाच्या पाचटाने रानाचा तुकडा राखायला हातभार लावला. बेटावरचे काही दुर्मीळ पक्षी आणि रोपवाटिकेतली रोपं मुख्य बेटावर हलवली गेली, आणि आसपासच्या लहान बेटांवरच्या सापसुरळ्या आणि पाली नंतर जर्सीला, डरेल यांच्या संस्थेत वाढवायला नेल्या.

खरुचीचं काय? १९९४ मध्ये तिला धोक्याच्या पायरीवरून खाली आणलं गेलं आणि मदत थांबवली गेली. २०१४ मध्ये ती पुन्हा संकटग्रस्त ठरली. सुधारलेलं रान थोडं, पेरूने वेढलेलं रान पुष्कळ. पालींची संख्या आणि सुरक्षित ढोल्या तिला पुरेनात. गुलाबी कबुतराच्या बाबतीत खाद्याची भांडी आजही भरली जातात, आजारावर उपचार होतात, पिल्लांच्या पायांत खुणेची कडी घातली जातात. त्याची स्थिती सुधारत गेली आहे. मला वाटतं, खरुचीला सोडण्याची घाई झाली. तिच्यासाठी आता पुन्हा घरट्याच्या पेट्या टांगल्या आणि तपासल्या जात आहेत, आणि खाली त्याच डोंगरउतारावर पेरू उपटण्याचं काम दर मोसमात चालू आहे.